मिडफिल्डरसाठी रोज एक मत

फुटबॉलपटूंच्या लोकप्रियतेचे नंबर लावणारी एक वेबसाइट असते, हे मला मुलीमुळे कळलं. नाहीतर मी सुखात होतो. जपानमधला कोणी विशीतला मिडफिल्डर, आणि त्याचा नंबर कितवा यावर आमच्या सिंगापुरातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमधली सकाळ ठरायची. मतं देणारे कोण? ज्यांनी आयुष्यात एक मॅच धड बघितलेली नाही असे लोक. पास कसा देतो, पळतो किती, कशाशी देणंघेणं नाही. केस बघायचे आणि बटण दाबायचं. खाली कॉमेंट्समध्ये नुसते बदाम. खेळाडू आहे की लग्नाचं स्थळ?

हे सगळं मी तिला ऐकवायचो. ती शाळेच्या टीममध्ये मिडफिल्डच खेळते, म्हणून जरा जास्तच. तो अंडररेटेड आहे, एवढंच ती म्हणायची. वन-नॉर्थच्या ऑफिसात आम्हालाही दरवर्षी असाच नंबर लावतात आणि तो वर सरकावा म्हणून मी साहेबाच्या भिकार विनोदांना हसतो. ते मला तेव्हा आठवायचं नाही.

परीक्षा आली की आमच्याकडे फोन देव्हाऱ्याखालच्या खणात जातो. हा बायकोचा नियम, तिच्या माहेरचा. त्या वर्षी मतदानाचा शेवटचा आठवडा नेमका परीक्षेत आला. मुलीनं फोन निमूट दिला आणि माझ्या हातात पासवर्डची चिठ्ठी ठेवली. तो पहिल्यांदाच पहिल्या दहात यायची शक्यता होती.

"बाबा, रोज एकच मत. देशील ना?"

मी हो म्हणालो आणि दिलं नाही. विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी ठरवून दिलं नाही. असल्या फालतूपणाला आपण हातभार लावायचा नाही, म्हटलं. रोज जेवताना ती विचारायची, मी मान डोलवायचो, आणि ती समाधानानं अभ्यासाला बसायची.

तो अकरावा आला. फोन हातात मिळाल्यावर तिला ते कळलं, आणि मी लगेच तोंड उघडलं: बघ, रोज मतं देऊन काय दिवे लागले? तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्या दळभद्री वेबसाइटवर प्रत्येकाच्या मतांचं कॅलेंडर दिसतं. तिच्या कॅलेंडरात मतदान सुरू झाल्यापासून एकही दिवस रिकामा नव्हता. शेवटचे सात होते.

मी भांडणाची वाट बघत होतो. तत्त्वाची सगळी उत्तरं तयार होती.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली आणि खोलीत गेली. रागावली की ती मराठीत रागावते. मला तेच हवं होतं.

पुढच्या परीक्षेला तिनं चिठ्ठी समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजींना दिली. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. एकदा लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं आणि हसून सांगितलं, आजचं मत दिलंय, मुलीला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं.