सेंदाईला घर बघायला गेलो, शहापूरमार्गे

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटली की आधी घरची माणसं घर बघायला जातात. दार, पाणी, शेजारपाजार पाहून येतात, मगच होकार. मला लग्नासाठी कोणी मागितलं नव्हतं. जपानमधल्या सेंदाई शहरात, एका वृद्धाश्रमात मला नर्सची नोकरी लागली होती. पण आईच्या लेखी पोरगी परक्या गावी जाणार म्हणजे नियम तोच.

"घर बगितल्याबिगार पोर धाडायची नाय," ती म्हणाली. बाबांच्या माघारी आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. आणि मला आठवड्याच्या आत कळवायचं होतं, नाहीतर नोकरी दुसरीला.

वाट सापडली शहापुरात. तिथे राहणाऱ्या राकेशकडे, माझ्या मामेभावाकडे, संगणकावर विमान चालवायचा खेळ आहे. त्यात जगातलं कुठलंही शहर वरून बघता येतं. रविवारी मी, आई आणि थोरले काका धसईहून निघालो.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर सांगते. आधी मुरबाडची एसटी, तिथून शहापूरची. बायकांना अर्धं तिकीट, व्हिसा लागत नाही. मुरबाडला वडापाव खाऊन घ्या, पुढे एकदम जपानच. काकांनी इस्त्रीची टोपी घातली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आईने तांदळाच्या पापड्यांचा डबा घेतला होता. त्या पापड्या राकेशनेच संपवल्या.

सेंदाईचा विमानतळ समुद्राला लागून आहे. उडालो तशी खाली भातखाचरंच खाचरं. काका खुर्चीतून पुढे सरकले. बांध एवढे सरळ पाहून त्यांनी निकाल दिला की इथे भावाभावांची भांडणं नसणार. विमान वळलं तसे काका आणि आई दोघंही डावीकडे कलले. मुरबाडच्या वळणांनी ज्या बाईला कधी काही झालं नाही, तिला राकेशच्या खोलीत विमान लागलं. लिंबू चोखायला दिलं.

मग काकांनी विमान वळवायचा दांडा मागितला. ट्रॅक्टर चालवतात म्हणून आम्ही विश्वास ठेवला आणि त्यांनी विमान नदीत घातलं. आईचा चेहरा पडला, अपशकुन. ते विमान आपलं नव्हतंच, असं काकांनी ठणकावून सांगितलं आणि राकेशने मुकाट्याने दुसरं काढलं.

शहर मात्र देखणं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी उंच झाडं, इमारतींच्या मागे जंगलाचे डोंगर. जळणाला तोटा नाही, आईने मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

मला राहायला मिळणार होतं त्या आश्रमाजवळच्या वसतिगृहासमोर, रस्त्यावरच राकेशने विमान उतरवलं. आई म्हणाली, आता शेजारी पाणी मागू. घर बघायला गेलं की शेजारी पाणी मागायचं, म्हणजे खरी माहिती मिळते. पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. राकेशने विमान पुढे नेलं, मागे नेलं. सगळं गाव रिकामं.

"माणूस नाय त्या गावात पोर नाय द्यायची," आई उठली.

खेळात माणसं दाखवत नाहीत, हे राकेशने परोपरीने सांगितलं. मग आमी काय बगायला आलो, असं काकांनी विचारलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

राकेशने काहीतरी दाबलं आणि सेंदाईत संध्याकाळ झाली. झाडांच्या मागे एकेक खिडकी उजळली. आई दारातून परत आली, संगणकाच्या पडद्याजवळ वाकली. आश्रमाची इमारत कुठली, विचारलं. मी बोट ठेवलं. वरच्या मजल्यावर एकाच खिडकीत उजेड होता.

"दिवा हाय म्हंजे कोनतरी म्हातारी जागी हाय," ती म्हणाली. "तिला कोन नाय का गो?"

"नसेल. म्हणून तर मला बोलावलंय."

"मग जा."

धसईत आता आईचा थाट बघण्यासारखा आहे. कोणी विचारलं की सांगते, गाव बरं आहे, झाडं चिक्कार, माणसं जरा कमी. मी मात्र होकार मिळाल्यापासून हळवी झालेय. परतीच्या एसटीत तिने विचारलं होतं, तिकडून मी त्याच विमानाने आपलं घर बघायला येईन ना. मी हो म्हटलं. काल राकेशला फोन करून धसईवर विमान न्यायला सांगितलं. खेळात आमच्या घराच्या जागी नुसती झाडं आहेत. घरच नाही. हे तिला सांगायला मला तोंड नाही.