चांदवडच्या पुढं विचारलेलं

कोनगावचा नरेंद्र चोवीस वर्षं भिवंडीत जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा माणूस. लूम अडला की कारागीर हाका मारत बसत नाही. अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली खडखडत असताना हाक मारून ऐकणार कोण? तो उठून येतो, जॉबरच्या खांद्यावर थाप मारतो आणि बोटानं दाखवतो. मग नरेंद्र जाऊन लूमच्या चौकटीवर तळहात टेकवायचा आणि कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचा. शेठ कौतुकानं म्हणायचे, हा कानानं नाही, हातानं ऐकतो.

शेठना वाटायचं आपण गंमत केली. ती गंमत नव्हती. चार वर्षांपासून नरेंद्रचे कान गेले होते. ठार बहिरा नव्हता, पण समोरच्याचं तोंड दिसलं नाही तर त्याला शब्द कळत नव्हता. घरात संघरत्नाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. बाहेर त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. लोक हसले की हा हसायचा. हॉटेलात वेटरनं काही विचारलं की शेजारच्याकडं बोट दाखवून म्हणायचा, मला पण तेच. तेवढ्यावर चार वर्षं निघाली, आणि अजून दहा निघाली असती.

पण दोन हजार सातच्या जानेवारीत शेठनी सांगितलं की मार्चपासून कारखाना बंद. लूम भंगारात जाणार, जागेवर गोदाम उठणार. आता सेहेचाळीस वर्षांच्या जॉबरनं जायचं कुठं? त्याच्या हातात दुसरी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाडी. तरुणपणी त्यानं दोन वर्षं कापडाच्या ताक्यांचा टेम्पो चालवला होता, लायसन अजून चालू होतं. आणि त्याच महिन्यात राहनाळच्या बाळारामनं नवी पांढरी टवेरा दारात आणून उभी केली होती.

बाळाराम त्याचा शाळेपासूनचा मित्र. राहनाळची शेती गोदामवाल्यांना देऊन तो आता बरा गबर झाला होता. गाडी घेतली खरी, पण स्टिअरिंगला हात लावायची त्याला भीती. धाकटी मुलगी भाविका रोज कल्याणला शाळेत जायची, तिला नेण्या-आणण्याला भरवशाचा ड्रायव्हर हवा होता. तो नरेंद्रला म्हणाला, "आधी आपण तिघं जरा फिरून येऊ. गाडी तू चालव. मंग बघू."

त्या 'मंग बघू'चा अर्थ नरेंद्रला बरोबर कळला. ही परीक्षा होती. संघरत्ना म्हणाली, "निघायच्या आधी त्याला कानाचं सांगा. पोरगी बसायचीय त्या गाडीत." तो म्हणाला, सांगतो. आणि सांगितलं नाही. राग येतो ना अशा माणसाचा? मलाही येतो. पण मार्चनंतर आपलं काय हे ज्याला ठाऊक नसतं, त्याची जीभ अशीच टाळ्याला चिकटते.

तिसरा दौलत. तोही त्यांच्याच वर्गातला. तीन वर्षं नरेंद्रबरोबर कारखान्यात काढून तो अंबाडी नाक्यावर हार्डवेअरचं दुकान टाकून बसला होता. सहलीचा बेत बाळारामचा, आणि बेत काय तर नुसतं जेवण. देवाला जायचं तर बायकांना घेऊन जाऊ, म्हणाला. नाशिकला मिसळ, मालेगावात मटण, धुळ्याला शेवभाजी नि मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी जळगावजवळ शेतावरच्या हॉटेलात वांग्याचं भरीत. थंडीत तिथलं भरीत ज्यानं खाल्लं नाही तो जेवलाच नाही, असं त्याला कुणा ट्रान्सपोर्टवाल्यानं भरवून दिलं होतं.

कसारा घाट नरेंद्रनं असा चढवला की दौलतच्या हातातला चहा सांडला नाही. कानाचं काम तो आरशांवर भागवायचा. उजवा, मधला, डावा, पुन्हा उजवा, अशी नजर सतत फिरती. नाशिकच्या मिसळीला बाळारामनं दोनदा रस्सा मागितला, वर दही ओतलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "बरी हाय. पण आमच्या आईच्या वाटाण्याच्या रश्शाची हिला सर न्हाय." हे तो प्रत्येक हॉटेलात म्हणायचा. पेट्रोलपंपावर पाणी प्यायला असता तरी त्याला आईच्या माठाची आठवण झाली असती. टेबलावर समोरासमोर बसल्यावर नरेंद्रला सगळं कळत होतं. तो मनापासून हसला, पोटभर जेवला, आणि त्याला वाटलं, निभावतंय.

बिनसलं ते चांदवडच्या पुढं. काय झालं ते नरेंद्रला दुसऱ्या दिवशी समजलं, पण आपण आत्ताच सांगून टाकू. चांदवड ओलांडल्यावर राहुडचा घाट लागला. दौलत पुढच्या सीटवर मान टाकून घोरत होता, बाळाराम मागं होता. जिवलग मित्राला आपल्या पगारावर ये म्हणायचं बाळारामला दोन आठवडे जमत नव्हतं. तोंडावर बोलायचा त्याला संकोच वाटायचा. म्हणून त्यानं दौलत झोपल्याचं बघितलं, खिडकीबाहेर नजर लावली आणि नरेंद्रच्या पाठीला सांगितलं, "नऱ्या, माझी गाडी तूच चालव. नोकर म्हणून न्हाय सांगत. भाविकाला दुसऱ्याच्या हातात द्यायला माझा जीव होत न्हाय. येशील का?"

पुढं दोन ट्रक अडवून चालले होते आणि नरेंद्रची नजर त्यांच्या चाकांवर होती. त्याच्या कानावर काही पडलं नाही. बाळारामनं मिनिटभर वाट पाहिली, मग पुन्हा एकदा विचारलं. तरीही उत्तर नाही. मग त्यानं तोंड मिटलं. त्याला वाटलं, झालं, याला अपमान वाटला. जमिनीच्या पैशावर बाळ्या मोठा झाला नि आता मित्रालाच ड्रायव्हर करायला निघाला, असंच याच्या मनात आलं असणार. दोनदा विचारलं तरी न्हाय सुद्धा म्हणत नाही, एवढा राग. तो मालेगावपर्यंत बाहेरच बघत राहिला.

मालेगावातलं हॉटेल नेमकं लूमच्या वस्तीत. दोन्ही बाजूंना कारखाने, भिंतींना हादरे, टेबलावरचे पेले थरथरताहेत. बाळारामनं कान झाकून घेतले. वेटर ओरडून काय आणू विचारत होता ते त्याला कळेना. नरेंद्रला मात्र घरी आल्यासारखं झालं. इथं सगळेच बहिरे, त्यात हा एक हुशार. दौलतची जुनी सवय मोडली नव्हती. दोघांनी कारखान्यातल्यासारखं ओठांनी नि बोटांनी बोलणं सुरू केलं. दौलतनं दोन बोटं ओठांना लावून जुन्या मुकादमाची नक्कल केली, हा मुकादम कारखान्यात चोरून विडी ओढायचा, आणि दोघं खो खो हसले. समोर मटणाचा लाल रस्सा, त्यावर तरंगणारी तर्री, गरम नान. काय मटण होतं म्हणून सांगू. हाडापासून आपोआप सुटत होतं.

बाळारामनं मात्र अर्धं नान ताटातच सोडलं. हे दोघं न बोलता बोलतात आणि हसतात, ते आपल्यालाच हसतात, याची त्याला खात्री झाली. आईच्या रश्शाचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. तिथं नरेंद्रचा जीव दचकला. त्याला वाटलं, याला कळलं. माझे कान गेल्याचं ओळखलं यानं, आता मैत्रीखातर तोंडावर बोलवत नाही एवढंच.

धुळ्याला शेवभाजी आली तेव्हा दोघंही आपापल्या वाटीत बघून जेवत होते. मध्ये बिचारा दौलत एकटाच बोलत होता, दुकानातल्या खिळ्यांपासून मेव्हण्याच्या लग्नापर्यंत. शेवटी तोही कंटाळला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी पारोळा मागं पडलं. रस्ता अरुंद, ऊन समोरून. बाळाराम काही बोलतोय की काय, हे बघायला नरेंद्र वरचेवर मधल्या आरशात त्याचं तोंड न्याहाळत होता. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं, की हा कधी बोलेल आणि आपल्याला कळणारच नाही. पुढं कपाशीची बैलगाडी होती. तिला टाळायला त्यानं गाडी उजवीकडं घेतली, आणि घेण्याआधी उजव्या आरशात बघायचं राहिलं. मधल्या आरशात त्याला बाळारामचं तोंड दिसलं, वासलेलं. दौलतनं त्याच्या दंडाला हिसका दिला. नरेंद्रनं गाडी डावीकडं ओढली, आणि त्याच क्षणी मागून आलेला एक ट्रक उजव्या बाजूनं सुसाट निघून गेला. जाताना टवेराचा आरसा घेऊन गेला. तो ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता, असं दौलत नंतर म्हणाला. बैलगाडीवाल्यानंसुद्धा तो ऐकून बैल कडेला घेतले होते.

कुणाला खरचटलं नाही. नरेंद्रनं गाडी बाजूला घेतली, उतरून तुटलेला आरसा उचलला आणि सीटखाली ठेवला. मग त्यानं वीसच्या वर वेग न नेता गाडी त्या शेतावरच्या हॉटेलापर्यंत नेली.

हॉटेल म्हणजे चार बाजा आणि एक पत्र्याचं छप्पर. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होती. भाजलेली वांगी लाकडानं ठेचून, हिरव्या मिरचीची नि लसणाची फोडणी घालून भरीत समोर आलं. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि कांद्याची पात. वाफ येत होती. कुणीच हात लावला नाही.

बाळाराम फुटलाच. समोरासमोर बसला होता, म्हणून नरेंद्रला त्याचा शब्द नि शब्द दिसला. "एवढा राग आला का रं तुला? राग आला तर न्हाय म्हणायचं व्हतं. कालपासून दोन जेवणं माझ्या घशाखाली गेली न्हाईत. आणि आज काय, आपल्या तिघांना मारायला निघाला व्हतास?"

"कसला राग?" नरेंद्र म्हणाला.

"काल विचारलं न्हाय का मी तुला? चांदवडच्या पुढं, घाटात. माझी गाडी चालव म्हणून. दोनदा विचारलं. तू मान पण वळवली न्हाईस."

आता बघा. नोकरी ताटात वाढून आली होती. एवढंच म्हणायचं होतं की अरे, मी विचार करत होतो, माझा होकार आहे. बाळारामचा चेहरा लगेच फुलला असता. ट्रकचं काय, कुणाच्याही हातून होतं. नरेंद्रच्या ओठांवर ते आलंही. त्याला बंद होणारा कारखाना दिसला, संघरत्ना दिसली. आणि त्याला बाळारामची भाविका दिसली, दप्तर मांडीवर घेऊन त्याच्या मागच्या सीटवर बसलेली, काका काका करत काहीतरी सांगत असलेली, आणि त्याला ते ऐकू येत नसलेलं.

"बाळ्या, मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. तोंड दिसलं तरच कळतं. काल तू काय म्हणालास ते मला आत्ता समजलं."

दौलत खाली बघून म्हणाला की मालेगावात आपल्याला जरा संशय आला होता. नरेंद्रनं खिशातून किल्ली काढली आणि दौलतच्या ताटाशी ठेवली.

"मी चालवीन त्या गाडीत भाविकाला बसवू नकोस," तो बाळारामला म्हणाला. "तू म्हणालास तरी मी बसवणार न्हाय. मी आधीच सांगायला पायजे व्हतं. मला नोकरी पायजे व्हती म्हणून सांगितलं न्हाय."

बाळारामच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं मिरचीवर ढकललं, पण मिरची अजून त्यानं खाल्लीच नव्हती. "म्हणजे तू मला 'न्हाय' म्हणाला न्हाईस," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं भाकरी मोडली, भरताचा मोठा घास घेतला आणि तीन भाकऱ्या संपेपर्यंत मान वर केली नाही. नरेंद्रही जेवला. इतकं चविष्ट भरीत त्यानं आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि नोकरी गेली होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

पुढं बाळारामनं राहनाळचाच एक ड्रायव्हर ठेवला. मार्चमध्ये कारखाना बंद झाला तो झालाच. नरेंद्रला दुसऱ्या कारखान्यात निम्म्या दिवसाचं काम मिळालं, आणि संघरत्ना त्याला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. सुख लागलं असं म्हणता येणार नाही, भागलं एवढंच.

पण परतीच्या वाटेचं सांगायचं राहिलं. गाडी दौलत चालवत होता. पुढच्या सीटवर नरेंद्र, मागं बाळाराम. दौलतनं बाळारामला कारखान्याची रीत सांगितली, की हाक मारायची नाही, आधी खांद्यावर थाप मारायची, तो वळला की मग बोलायचं. बाळाराम मुळात बडबड्या, त्यात दोन दिवसांचं साठलेलं. थाप. नरेंद्र वळला. बाळाराम तोंड मोठं करून म्हणाला की भरीत बरं होतं, पण आईच्या हाताची सर नाही. थाप. धुळे आलं. थाप. तहान लागली का? थाप. तुला तेव्हा वाईट वाटलं का रे? थाप. भाविका तुझी आठवण काढते. एरंडोलपासून भिवंडीपर्यंत हे चाललं. घरी पोचल्यावर नरेंद्रचा डावा खांदा सुजला होता, संघरत्नानं तेल लावून शेकला. वाटेत थांब म्हणावंसं त्याला एकदाही वाटलं नाही.