उंबऱ्यावरचा शंख

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. दार लागलं तर आत कुणी आजारी आहे नाहीतर भांडण झालंय, असं सगळी गॅलरी धरून चालते. फार तर पडदा ओढायचा, आणि पडद्याला कुणी विचारत नाही. या चाळीत लग्न होऊन आलेल्या शेवंतीकाकूंनी साठी जवळ आल्यावर एका दुपारी मला हळूच विचारलं, "फोनला कुलूप लावता येतं ना गं?"

त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. फोन त्यांचा म्हणायचा एवढंच. मुलाने, राजेशने, नवा घेतला तेव्हा जुना त्यांच्याकडे आला, आणि घरातल्या पाटासारखा तो जो तो ओढून घेई. सून वैशाली त्यावर मुलीच्या शाळेचे निरोप बघायची. काकूंचे यजमान गणपतकाका गावी बोलायचे. पलीकडच्या नलूताई तर येता-जाता सीरियलचा राहिलेला भाग लावून उंबऱ्यातच बसायच्या. काकूंना फोन मिळायचा तो दुपारी, सगळे आडवे झाले की. तेव्हा त्या गच्चीच्या जिन्यावर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसत आणि रेकॉर्डर चालू करून बोलत.

आईशी बोलत. आई कोकणात गावी वारली होती. ती होती तोवर रोज दुपारी फोन व्हायचा; ती गेल्यावर तेवढा वेळ रिकामा पडून राहिला.

"तसं काही नसतं त्यात," काकू मला म्हणाल्या. "आज मासळी काय आणली, कोण काय बोललं, हेच. लपवण्यासारखं काही नाही. पण कुणी ऐकू नये असं वाटतं."

मी आधी बोटाचा ठसा लावायला घेतला. काकूंनी उजवा अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. डावा ठेवला, मग एकेक बोट, पदराला पुसून. सासूच्या खाणावळीत गिरणीवाल्यांसाठी भाकऱ्या थापण्यात आणि तवा उतरवण्यात त्यांचा उमेदीचा काळ गेला होता. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, ओढ्यातल्या दगडांसारखी.

"याला पण मी पटत नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

चेहऱ्याचं कुलूप त्यांनीच नको म्हटलं. "वैशाली म्हणेल, आई, जरा इकडे बघा, आणि मी बघेन. झालं उघडून."

मग ठिपक्यांचं कुलूप उरलं. पडद्यावर तीन ओळींत तीन-तीन ठिपके आले आणि काकूंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "अगं, ही तर रांगोळी." त्यांचं बोट कोपऱ्यातून निघालं, कडेकडेने फिरून वळत वळत मधल्या ठिपक्यात जाऊन थांबलं. न उचलता काढलेला शंख. तोच पुन्हा काढून त्यांनी पक्का केला. मला वाटलं, याहून सोपं आणि याहून त्यांचं दुसरं काय असणार. दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही की हाच शंख त्या रोज सकाळी दारात काढतात आणि सगळी गॅलरी तो चुकवून पाय टाकते.

दुसऱ्या दिवशी काकू लालबागला मसाला कांडून आणायला गेल्या. फोन खिडकीत चार्जिंगला. वैशालीला शाळेचा निरोप बघायचा होता. मी आमच्या दारात कपडे वाळत घालत होते.

"लॉक?" वैशाली बाहेर आली. "आईंनी लॉक लावलाय? माझ्यापासून?"

तिचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात कपाटाची किल्लीसुद्धा मागितली नव्हती. ती कपाटालाच लटकलेली असायची.

"काकूंना विचार ना आल्यावर," मी म्हटलं.

"अगो, त्यात काय विचारायचंय?" नलूताई उंबऱ्यातून उठल्या. "ठिपकेच ना? शंख काढून बघ. ती दुसरं काही काढत नाही. दिवाळीत पण आम्ही मोर काढतो, तर हिचा आपला शंख."

पहिल्याच खेपेला उघडला.

शाळेचा निरोप वैशालीने वाचला असेल. पण रेकॉर्डर उघडाच राहिला होता आणि त्यातली यादी पुढेच होती. तिने एक लावलं. गॅलरीत काकूंचा आवाज आला, जिन्यातल्या थंडाव्यासकट.

"आये, आज डाळीत मीठ जास्त पडला. कोण कायएक बोलाक नाय. बोलले असते तर बरा वाटला असता. गप जेवले आणि उठले. माका वाटला, मी हंयसर आसय की नाय, तां तरी कोणी सांगा."

नलूताईंनी तोंडाला पदर लावला. "काय गोड बोलते गं. कोणाला माहीत होतं?" आणखी दोन दारांतून बायका आल्या. मी वैशालीला म्हटलं, बंद कर. तिचे डोळे भरून आले होते. तिने ऐकलं नाही, दुसरं लावलं. त्यात काकू आईला सांगत होत्या की सून चांगली आहे, पण सून चांगली असली की तक्रार कुठे करायची तेच कळत नाही. सगळ्या हसल्या. वैशालीसुद्धा.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या दिसल्या. हातात कांडलेल्या मसाल्याची गरम पिशवी. मसाल्याचा घमघमाट घेऊन त्या पुढे येतील असं वाटलं, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या, स्वतःचा आवाज संपेपर्यंत.

कुणी त्यांना रागावलं नाही. तेच वाईट झालं. वैशालीने गळ्यात हात टाकला, म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंत? मीठ जास्त आहे ते मी रोज सांगत जाईन." नलूताईंच्या हट्टापायी ते मिठाचं बोलणं महिला मंडळाच्या ग्रुपवर आधीच गेलं होतं. त्याखाली हात जोडलेले, फुलं, रडणारे चेहरे. गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवरून ऐकवायचं असंही कुणीतरी ठरवून टाकलं.

"नको," काकू म्हणाल्या.

"लाजते," नलूताई म्हणाल्या.

"लाजत नाही. नको म्हणते."

"तेच ते."

काकूंनी शब्द शोधले. मी बघत होते, सापडत नव्हते. आमच्याकडे कुणी चोरलं, कुणी उघडं पाडलं, याला शब्द आहेत. इथे तर सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून ठिपक्यांऐवजी आकड्यांचं कुलूप लावून घेतलं आणि आकडा मला पलीकडे बघायला लावून स्वतः टाकला. रात्री जेवताना भिंतीपलीकडून गणपतकाकांचा आवाज आला. "गो, नंबर सांगान ठेव. उद्या काय झाला तर फोन उघडूक कोणाक येतलो?" ताटं वाजली. मग काकूंनी नंबर सांगितला. मलाही ऐकू आला.

चार-पाच दिवसांनी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. मंडळाच्या ग्रुपवरून ते पुसायचं होतं. वैशाली तयार होती, तिनेच पाठवलं होतं; पण पाठवलेलं सगळ्यांकडून पुसायची मुदत उलटून गेली होती. "म्हणजे ते आता लोकांकडेच राहणार," काकू म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या फोनमधली सगळी बोलणी एकेक करून काढून टाकली. शेवटच्या वेळी फोनने विचारलं, नक्की? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुळगुळीत बोट दाबलं. फोन पुन्हा खिडकीत गेला, बिनकुलपाचा, ज्याला हवा त्याला.

नंतरच्या सोमवारी दुपारी धाडकन आवाज झाला. मी बाहेर आले. काकूंचं दार लागलं होतं. वैशाली मुलीला आणायला शाळेत, काका आणि राजेश कामावर. आतून कडी सरकल्याचं गॅलरीभर ऐकू गेलं. दारं उघडीच होती, त्यांतून डोकी बाहेर आली. नलूताई झोपेतून उठून आल्या, केस बांधत, घाबरलेल्या. त्यांनी दारावर थाप मारली.

"शेवंती? बरं नाही का?"

"बरी आहे."

"कोणी काही बोललं का?"

"नाही."

"मग दार का लावलंस?"

पायाखालचा शंख कुणाच्या तरी घाईत अर्धा पुसला गेला होता.

"लावलंय," काकू म्हणाल्या.