अक्काच्या वेणीचं तेल

सुमा, ये, अशी जवळ बसून वाच. फोनवर ‘जेवले’ म्हणतेस आणि जेवत नाहीस, आवाजावरून कळतं मला. तुझ्या आईला हे खपलं असतं का? तुझी आई, माझी अक्का, जाऊन महिना होत आला. माझी थोरली जाऊ ती. उणकलच्या या घरात मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हापासून दर रविवारी आम्ही एकमेकींच्या डोक्याला कोमट तेल लावून वेणी घालायचो... आणि गावभरच्या गप्पा.

तिचं आतड्याचं दुखणं तुला ठाऊक आहे, पण तेव्हा तू लहान होतीस, आजोळी ठेवलेली. आतड्याला जखमा झालेल्या, औषधांनी भरेनात, रक्त जायचं. डॉक्टर म्हणाले, आतडं कापून पोटाला पिशवी लावावी लागेल. त्याआधी एक करून बघू. काचेच्या बंद नळीत झोपवून, आत दाब वाढवून निव्वळ ऑक्सिजन द्यायचा, कधीकधी जखमा भरायला मदत होते. हमी नाही, औषधं चालूच राहतील. अक्का तयार झाली. पहिल्या दिवशी, दवाखान्यात जायचं म्हणून, चोपून तेल लावून, घट्ट वेणी घालून निघाली. नर्सनं केस पाहिले आणि परत पाठवलं. ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे आगीची भीती. केस धुऊन या, उपचार संपेपर्यंत तेल बंद.

घरी आली ती फुगूनच. “नवरा धडधाकट असताना कोरड्या केसांनी हिंडू? सुतक आहे का घरात?”

“अगं, मी जिवंत आहे आणि मीच सांगतोय की, धू केस,” तुझे अप्पा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा.” उपचारच नको म्हणाली. कापलं तर कापू देत.

मी उठले. न्हाणीत जाऊन शिकेकाईनं डोकं धुतलं आणि कोरडे केस सोडून तिच्यापुढं येऊन बसले. “चल, दोघी हिंडू.” तिनं मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, “भुतासारखी दिसतेस,” आणि शिकेकाई मागितली.

शेजारीण कानडीत विचारायची, “याक री, एण्णी हच्चिल्ला?” तेल का नाही लावलं म्हणून. अक्का ऐटीत सांगायची, “फॅशन री.” नळीत दाब वाढला की तिच्या कानांना दडे बसायचे. आवंढा गिळा म्हणायचे, तिला जमायचं नाही. मग मी काचेबाहेरून भाकरी चावल्याचं सोंग करायची... ती हसायची आणि गिळायची.

हळूहळू रक्त थांबलं. औषधांनी की त्या हवेनं, डॉक्टरही नक्की सांगेनात. पिशवी लागली नाही, एवढं खरं. उपचार संपले त्या संध्याकाळी तिनं स्वतः तेलाची वाटी गरम केली आणि माझ्या मागं बसली. “आधी तुझं. तुला तर काही झालंही नव्हतं.”

पुढं कितीतरी वर्षं मिळाली ग तिला. गेली ती वयानं, पोटानं नाही. तेराव्याला सुतक फिटलं म्हणून सगळ्यांनी डोक्याला तेल लावलं, तूही लावलंस. माझं राहिलं. आपल्या हातानं लावायची सवयच नाही कधी... वाटी गॅसजवळ तिथंच आहे. या रविवारी ये. तेल मी कोमट करून ठेवते.