दोन जातींचे रोहित

आईशप्पथ, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. म्हणजे पक्षी तरी खरे हायेत. बाकीचं थोडं कमीजास्त धरून चाला.

नांदेडहून उदगीरला पोरगी बघायला गेलो. पोरगी लई आवडली. पण बायोडाटात छंदाची जागा रिकामी बरी दिसंना, म्हणून मी ‘पक्षीनिरीक्षण’ ठोकून दिलेलं. पोरीचे वडील, अण्णा, नेमकं तेवढंच वाचून बसले. तळ्याकाठी त्यांची प्लॉटिंग, अन् त्या थंडीत तळ्यावर रोहित उतरलेले. तेच हो, लांब पायांचे फ्लेमिंगो. अण्णा म्हणले, सकाळी चला, जाती ओळखून दाखवा, मग बैठकीचं बघू.

मी मोबाईलवरून पाठ केलं. मोठा रोहित उंच, पांढरट, चोच गुलाबी अन् टोक काळं. छोटा रोहित बुटका, गर्द गुलाबी, चोच काळपट. गाय अन् शेळीतला फरक हो! ह्यात चुकायचं काय?

सकाळी धुकं. पाण्यात मधोमध उंच, पांढरट थवा. “हे मोठे,” मी म्हणलो. अण्णांनी लिहून घेतलं.

“अन् छोटे?”

दुर्बीण फिरवली. पल्याडच्या गवतात गर्द गुलाबी, बुटके, माना खाली घालून बसलेले. अकरा!

“ते बघा. लई लाजाळू जात. एकदा बसले की अर्धा तास हलत न्हाईत.”

अण्णा खूष. प्लॉटच्या जाहिरातीत दोन जाती छापायच्या ठरल्या. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणले, म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या.

मोठे उडाले. छोटे उठून उभे राहिले. हातात बाटल्या.

पल्याडच्या मंगल कार्यालयात औशाचं वऱ्हाड उतरलेलं. वऱ्हाडी दोनशे, संडास एक. अन् फेटेवाला पहाटेच गुलाबी फेटे बांधून मोकळा झालेला!

त्यातला एक फेटा तणतणत बांधावरून आला. पोरीचा सख्खा मामा निघाला.

“दाजी, हे येडं कोण?”

“पाहुणे हायेत. पक्ष्यांतले जाणकार. तुम्हाला छोटे रोहित समजले.”

“मला पक्षी म्हणणाऱ्याला भाची देत नसतो.”

आता मामानंच नको म्हणल्यावर कशाची बैठक? पोरगी पुढं लातूरला दिली.

परतताना अण्णा शांतपणे म्हणले, “जावई म्हणून न्हाई जमायचं. पण परसाकडं बसलेला माझा मेव्हणा तुम्ही मला दुर्मिळ पक्षी म्हणून खपवलात. असा माणूस प्लॉटिंगला पाहिजेच.”

तवापासून त्यांच्याकडंच हाय. तर हा कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वेला तोंड, खिडकीतून दोन्ही जाती दिसतेत. इसार रोख देता का ऑनलाईन?