शेंदूर लावलेली पायरी

जूचंद्रचे हरेश्वर भोईर यांच्या दगडपारखीचा गावात असा दबदबा होता, की त्यांनी पहारेने वाजवून पाहिल्याशिवाय कोणी अंगणात धुण्याचा दगडसुद्धा बसवीत नसे. ही परीक्षा ते केवळ वैशाखात घेत. उन्हात तापलेल्या दगडावर पहार आपटायची, डोळे मिटायचे आणि नाद खणखणीत आला की मान डोलवायची. त्या मानेवर अपील नव्हते.

१९९७ साली गावतळ्याला नव्या पायऱ्या बांधायचे ठरले, तेव्हा दगडाची निवड ओघानेच त्यांच्याकडे आली. पायरीचा दगड ज्याने निवडला, त्यानेच पहिल्या विसर्जनाला गावचा गणपती हातांत घेऊन तीवरून पाण्यात उतरायचे, असा रिवाज होता. या एका मानासाठी हरेश्वर आयुष्यभर दगड वाजवीत आले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी टेकडीवरचा तांबूस, सच्छिद्र दगड पसंत केला.

त्यांची सून जागृती एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने विनयाने सुचवले, "मामा, पायरी पाण्यात राहणार. एक तुकडा भिजवून वाजवू या ना."

"दगड म्हंजे काय चने हायेत, भिजत घालाला?"

तरीही तिने घंगाळात पाणी भरून एक तुकडा बुडवून ठेवला. काही दिवसांनी वाजवला, तेव्हा बसलेल्या घशासारखा आवाज निघाला आणि दुसऱ्या घावात तो दुभंगला. सच्छिद्र दगडात पाणी मुरले, की त्याच्या कणांची परस्परांवरील पकड सैल होते. कोरडेपणी पेललेले वजन तो ओलेपणी पेलीलच असे नाही. हरेश्वरांनी दोन्ही तुकडे न्याहाळून निर्णय दिला, "घंगालच खराब हाय."

पायऱ्या बसल्या. तळे भरले. विसर्जनाच्या आदल्या दिवशी हरेश्वर सरावासाठी पाण्याकाठच्या पायरीवर उतरले आणि तिचा कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्यांच्या टाचेखालून सुटला. जवळच त्यांची पत्नी बायजा कपडे धूत होती.

"काय पडला ओ?"

"काय नाय. तू धू."

दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर पोहोचली, तर त्या पायरीला शेंदूर फासलेला आणि वर जास्वंदीचे फूल.

"देवी परगटली," हरेश्वर गंभीरपणे म्हणाले. "आता हिच्यावर पाय देनार कोन?"

कोणीच देणार नव्हते. वरच्या पायरीवरून ओणवे होऊन त्यांनी गणपती पाण्यात सोडला. मान राहिला आणि मानकरीही कोरडा राहिला.

मात्र भक्तीचा हिशेब त्यांनी केला नव्हता. गावातल्या बायका रोज कळश्या भरभरून देवीला स्नान घालू लागल्या. हरेश्वर धावत आले.

"हलद-कुंकू वाहा, पानी नको. या देवीला पानी सोसत नाय."

बायजाने कळशी खाली ठेवली. "सोसत नाय, तं तल्यात कशाला परगटली?"

दिवाळीपूर्वीच देवी तीन तुकडे होऊन तळ्यात विसर्जित झाली.

पुढल्या वैशाखात नवा दगड आला. लोक जमले, पण हरेश्वरांनी पहारेला हात लावला नाही.

"जागृती, घंगाल काढ. दगडाला पयली अंघोल, मंग परीक्षा. शास्त्रच हाय तसा."

"पण मामा, घंगाळ तर खराब होतं ना?"

"कल्हई करून आनलाय," हरेश्वर म्हणाले आणि स्वतःच पाणी आणायला निघाले.