प्रिन्सिपलचा फोन आन् प्रबुद्धची खोली

आमचा प्रबुद्ध मास्तर छातीला हात लावून कॉलेजच्या पायरीवर बसला, तवा प्रिन्सिपल आत फोनवर मेव्हण्याच्या लग्नातलं जेवाण ठरवत हुता. मायाआक्का डबा द्यायला आल्याली. धाकट्या भावाचं तोंड पांढरंफट बघून ती तशीच आत घुसली. मिरजेच्या दवाखान्याला फोन लावा म्हणली. त्यानं हातानंच थांब म्हणून खुणावलं. बासुंदी का श्रीखंड, तेवढं ठरंस्तवर पोरांनीच प्रबुद्धला उचलला आन् रस्त्यावर टेंपो आडवून त्यात घातला. मिरज दिसाय लागलं आन् त्यानं आक्काच्या मांडीवर मान टाकली.

फोनवरनंच तर सारं भांडाण हुतं.

कडेगावच्या ह्या प्रबुद्धनं आपल्या इंजिनेरिंगच्या पोरांसाठी इंटरनेटवर धडं घातलं हुतं, नव्व्याण्णव सालात. वाडीवस्तीवरनं आल्याली पोरं वर्गात इंग्रजीच्या भ्यानं तोंड उघडत न्हवती. कॉम्प्युटरवर मातर नाव न घालता काय बी इचारायची. पंप उलटा फिरवला तर पाणी परत हिरीत जातं का, असलं. तो दुसऱ्या दिवशी त्याच सवालानं तास सुरू करायचा. मग काय, पोरं भांडायची, हसायची, तास संपला तरी उठायची न्हाईत. घरी जेवताना आक्काला बी सांगायचा. ती म्हणायची, "आरं, ही इंजिनेर हुणार का हिरी बुजवणार?"

पर कॉलेजात फोनची लाइन एकच, इंटरनेट बी तिच्यावरच. पोरं कॉम्प्युटरवर बसली की प्रिन्सिपलचा फोन मुका. म्हणून त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप घातलं. मशिनीस्नी पांघरुणं, आन् खंडेनवमीला तेवढं हळदकुकू. प्रबुद्धनं लय इनवण्या केल्या. लाइन तातडीच्या कामाला लागती, प्रिन्सिपल म्हणला. त्येची तातडी म्हंजी बासुंदी.

जलदानविधी झाल्यावर कॉलेजात शोकसभा ठेवली. त्याच खोलीत, झाकल्याल्या मशिनीवर फोटो, वर हार. चपला भायेर काढा, म्हणला प्रिन्सिपल. आन् वर तोंड करून म्हणला, पोरांसाठी झिजला बिचारा.

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपलांसकट ती आत गेली. फोटो काखंत मारला, पांघरूण वढून खाली टाकलं. वर्गात कवाच न बोलल्याली स्वप्ना मागं हुबी हुती. तिला म्हणली, "लाव गं पोरी. काय इचारायचंय ते इचार."

"पर उत्तर कोण देणार, आक्का?"

"तुमी एवढी जणं हाय की. भांडा."

स्वप्नानं कॉम्प्युटर लावला, इंटरनेट जोडलं. प्रिन्सिपल तावातावानं हाफिसात गेला, कुणाला तरी बोलवायला फोन उचलला, तर कानात नुसतं किर्र. पळत परत आला. तवर आक्का फोटो मांडीवर घिऊन खोलीच्या दारात आडवी बसली हुती.